स्वतःचे गाणे, स्वतःचा फड



बँड हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते. लाल कोट, पितळी कर्णे, आणि नवरदेवाच्या मित्रांची फर्माईश. पण आजची कॉलेजातली मुले ज्याला बँड म्हणतात तो निराळा. चारपाच सोबती, दोन गिटारी, एक ड्रम, आणि मुख्य म्हणजे आपणच रचलेले गाणे. त्यातही जे कोणत्या कंपनीच्या दावणीला बांधून न घेता आपल्या हिमतीवर गातात, त्यांना 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्लंडात मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरातल्या बझकॉक्स नावाच्या बँडने १९७७ च्या जानेवारीत मित्रांकडून व घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन आपली तबकडी आपणच काढली. ते उदाहरण नेहमी देतात. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन हा बँड निघाला. आरंभी तो परक्यांची गाजलेली गाणी म्हणे. पुढे स्वतःची म्हणू लागला, १९८८ साली त्याची पहिली तबकडी आली, आणि १९९३ साली त्याने इंडस क्रीड असे नाव घेतले.

ही सारी साहेबाकडून आलेली चाल आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. गिटार साहेबाकडून आली, हे खरे. पण आपले गाणे आपण रचावे, आपले श्रोते आपण मिळवावे आणि कोणा ठेकेदाराचे मिंधे होऊ नये, ही गोष्ट रॉक मशीनच्या चाळीस वर्षे आधी याच मुंबईत झाली होती, आणि ती करणाऱ्यांतला एक गडी आपल्या शेजारच्या वाळवे तालुक्यातला होता. त्या लाल बावटा कलापथकाची पहिली वर्षे आज आम्हांला आपणांपुढे मांडावयाची आहेत.

प्रथम त्या मातीचा विचार करू. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मला आणि तोच पुढे पठ्ठे बापूराव म्हणून महाराष्ट्रभर गाजला. त्याच्या लावण्यांची मोहिनी केवढी होती, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पण फडाचा व्यवहार कसा चाले? फडमालकाने आधी उचल घ्यावयाची, ती फेडण्यासाठी गावोगाव नाचवावयाचे, आणि थिएटरचा ठेकेदार सांगेल ते व तेवढे गावयाचे. गाणे कवीचे, घाम कलावंतांचा, आणि गल्ला तिसऱ्याच माणसाचा! हा एवढा मोठा शाहीर १९४५ साली पुण्यास दारिद्र्यात वारला.

त्याच तालुक्यात वाटेगावला १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मला. तोच आपला अण्णाभाऊ. त्याची शाळा जेमतेम दीड दिवसाची झाली, असे सांगतात. आईबापांबरोबर तो पायी मुंबईस गेला, गिरणीत राबला, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचीत अक्षरे शिकला. मात्र एक विद्या तो घरूनच घेऊन आला होता. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड त्याने जवळून पाहिला होता. ढोलकी कुठे थांबते, सोंगाड्या कुठे बोलतो आणि लोक नेमके कुठे हसतात, हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळत नसे.

दुसरा गडी बार्शीचा. मेहबूब हुसेन पटेल हे त्याचे नाव, जन्म १९१६ चा. आईच्या ओव्यांवर त्याचा गळा तयार झाला, गिरणीच्या कामाने आणि संपाने मन तयार झाले, आणि अमर शेख या नावाने तो लोकांपुढे आला. आवाज असा पहाडी, की ध्वनिक्षेपक नसला तरी मैदानाच्या टोकाशी बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जावा. तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर. या तिघांनी १९४४ साली मुंबईस लाल बावटा कलापथक उभे केले. एक वाळव्याचा मातंग, एक बार्शीचा मुसलमान! गावात ज्यांची वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, ते गिरणगावात एका डफावर उभे राहिले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

त्यांनी नवीन ते काय केले? वाद्ये नवीन आणली नाहीत. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज हीच जुनी मंडळी. म्हणण्याची रीतही जुनीच; शाहिराने कडवे उचलावे आणि झीलकऱ्यांनी 'जी जी' करीत झील धरावी. बदल झाला तो आशयात आणि बांधणीत. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. अण्णाभाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी मेलेल्या वीरांना वंदन घातले, गवळण गाळली, आणि आजवर बहुतांशी ऐनवेळी तोंडी रचला जाणारा वग नीट लिहून काढला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावेच पाहा. वगातून राजा गेला आणि त्याच्या जागी सावकार, शेटजी व पुढारी आले.

पोवाड्याचेही तसेच. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असता अण्णाभाऊंनी आरंभीच्या दिवसांत डासांवर गाणे रचले. आपणांस हसू येईल. पण जो रात्रभर डासांशी झुंजून पहाटे पाळीवर जातो, त्याला ते आपलेच गाणे वाटले असले पाहिजे. पुढे त्याच लेखणीने स्टॅलिनग्राडचा पोवाडा लिहिला. गिरणीतल्या माणसाने ते शहर नकाशावरही पाहिले नव्हते. तरी त्याला ते समजले, कारण सिंहगडाची लढाई त्याने ज्या चालीत ऐकली होती त्याच चालीत ही लढाई त्याच्यापुढे आली. बंगालच्या दुष्काळावर, काळ्या बाजारावर, अमळनेरला गोळीबारात पडलेल्या कामगारांवर पोवाडे झाले. चाल ओळखीची आणि बातमी नवी, यातच त्या पथकाचे सारे मर्म आहे.

आणि रंगमंच? तो चाळीच्या चौकात, गिरणीच्या फाटकाशी किंवा गावाच्या मैदानावर. ठेकेदाराचे थिएटर नको, म्हणून त्याची उचलही नको. पण ठेकेदाराच्या तावडीतून सुटले तरी सरकार होतेच. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि या पथकावरही गदा आली. तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या खेळाला 'लोकनाट्य' म्हणावयास आरंभ केला. बंदी तमाशाला आहे ना, मग हे लोकनाट्य! आज आपण हा शब्द जाणत्या तोंडाने वापरतो. त्याच्यामागे पोलिसांचा ससेमिरा होता, हे विसरतो.

येथे कोणी रास्त शंका काढील. पथक कम्युनिस्ट पक्षाचे, बावटा नावातच. मग ते स्वतंत्र कसे? ही शंका आम्ही टाळणार नाही. पक्षाची शिस्त आणि पक्षाची मते त्या गाण्यांत होती, आणि पक्षाबरोबर काही गाणी शिळीही झाली. परंतु पक्ष मैदान मिळवून देऊ शकतो; रात्री बारापर्यंत माणसे बसवून ठेवू शकत नाही. ते काम गाण्यालाच करावे लागते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ पासून पुढे, निरनिराळ्या पक्षांची माणसे या शाहिरांना ऐकावयास एका मैदानात बसली, हा त्याचा पुरावा होय.

त्यांना मिळाले काय? १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला. पण पैसा मिळाला नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ मुंबईस हलाखीत वारले, आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. पठ्ठे बापूराव ठेकेदारांच्या व्यवहारात राहून दारिद्र्यात मेले, अण्णाभाऊ त्या व्यवहाराबाहेर राहून दारिद्र्यात मेले. तेव्हा दोष केवळ ठेकेदाराचा, असे म्हणून आपली सुटका होत नाही. दोघांनाही ऐकावयास आपणच बसलो होतो. टाळ्या दिल्या, पुढे पुतळे उभारले, जयंत्या केल्या. पण कलावंत हयात असताना त्याच्या चुलीची चौकशी केली नाही.

म्हणून या गावातली चार मुले उद्या गिटार घेऊन उभी राहिली, तर ते वाद्य साहेबाचे की आपले, हा वाद घालीत बसू नका. ती दुसऱ्याचे गाणे म्हणतात की स्वतःचे, आणि त्या गाण्यात आपल्या ऊसतोडीची, आपल्या कारखान्याची, आपल्या कृष्णेच्या पुराची काही खबर आहे की नाही, हे पाहा. असेल, तर पहिल्या रांगेत फुकट बसू नका, तिकीट काढा. जत्रेच्या तमाशाला आपण वर्गणी काढतोच. तिच्यातला एक हिस्सा गावातल्या मुलांच्या स्वतःच्या गाण्यासाठी बाजूला काढावा, एवढी सूचना अध्यक्षांपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.