हक्काचा प्रश्न आणि कसाचा प्रश्न



धर्मावर टीका करणारा लघुपट समाजात आला की काय होते आणि काय व्हायला हवे, याविषयी मी आज बोलणार आहे. त्यासाठी नेदरलँड्समधला ‘सबमिशन’ हा लघुपट मी निवडला आहे.

२९ ऑगस्ट २००४ रोजी डच सार्वजनिक दूरचित्रवाणीवर तो दाखवला गेला. जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा. लेखन आयान हिर्सी अली यांचे. सोमालियात जन्मलेल्या आणि तेव्हा डच संसदेच्या सदस्य असलेल्या. दिग्दर्शन थिओ व्हॅन गॉग यांचे. पारदर्शक वस्त्रातली एक स्त्री नमाजाच्या जागी उभी राहून अल्लाहशी बोलते. जुलमाचे लग्न, नवऱ्याची मारहाण, नात्यातल्या पुरुषाकडून झालेला बलात्कार, प्रेमासाठी फटक्यांची शिक्षा अशा चार स्त्रियांच्या व्यथा ती सांगते. तिच्या अंगावर कुराणातल्या आयती लिहिलेल्या दिसतात. अनेक मुस्लिमांची मने त्याने दुखावली.

२ नोव्हेंबरच्या सकाळी सायकलवरून कामाला निघालेल्या व्हॅन गॉग यांचा ॲमस्टरडॅमच्या रस्त्यात खून झाला. इस्लामी अतिरेकी मारेकऱ्याने हिर्सी अली यांना धमकावणारे पत्र सुऱ्याने व्हॅन गॉग यांच्या देहात खोचून ठेवले. २००५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण त्याआधीच सुडाची आग पसरली होती. मशिदींवर हल्ले झाले, उडेन गावात मुस्लिम मुलांची प्राथमिक शाळा जाळली गेली, चर्चवरही हल्ले झाले. जानेवारी २००५ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवातून निर्मात्यानेच सुरक्षेपायी लघुपट मागे घेतला. योजलेला दुसरा भाग निघालाच नाही.

मित्रहो, एका माणसाचा जीव गेला, याहून मोठी हानी नाही. पण त्या खुनाने आणखी एक गोष्ट हिरावली, ती म्हणजे त्या लघुपटाची समीक्षा. कोणत्याही कलाकृतीपुढे दोन प्रश्न असतात. ती दाखवण्याचा हक्क आहे का, हा पहिला. ती कसाला उतरते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नि:संदिग्ध ‘हो’ असले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर मोकळ्या चर्चेतूनच मिळते. सुरा निघाला की दुसरा प्रश्न विचारणेच अवघड होते. लघुपटात उणे काढणारा खुनाचा पाठीराखा ठरतो आणि तो दाखवण्याच्या हक्काची बाजू घेणारा मुस्लिमद्वेष्टा.

म्हणून तो दुसरा प्रश्न मी आज विचारतो. ‘सबमिशन’मधल्या व्यथा खऱ्या जगातल्या आहेत. पण त्या इंग्रजीतून, एकाच अभिनेत्रीच्या तोंडून येतात. ज्या घरांतल्या बायकांची ही कहाणी, त्यांचा स्वतःचा आवाज, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे घराशी चाललेले भांडण मला त्यात पुरेसे सापडत नाही. पुढच्या वादात तर त्या बायका बाजूलाच पडल्या. स्थलांतरित आणि सुरक्षा एवढेच विषय उरले.

आपल्याकडे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी वेगळी वाट दाखवली. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धची मागणी त्यांनी स्वतः मांडली. त्या फक्त सात होत्या, पण ज्यांचे दुःख त्यांचीच पावले होती. दलवाईंनाही विरोध झाला, कडवा झाला. तरी त्यांच्या टीकेत आपल्या समाजाविषयीची तळमळ होती. आणि ही तळमळही ढाल ठरतेच असे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांनी तर आयुष्यभर संयमाने, संवाद करत काम केले होते. तेव्हा सौम्य बोला म्हणजे सुरक्षित राहाल, हा सल्ला खोटा आहे. कस वाढवायचा तो भीतीपोटी नव्हे, सत्यापोटी.

कायद्याच्या जोरावर हा गुंता सुटेल असेही मला वाटत नाही. व्हॅन गॉग यांच्या खुनानंतर डच न्यायमंत्री पीट हाइन डोनर यांनी ईश्वरनिंदेचे जुने कलम पुन्हा वापरात आणण्याचा विचार मांडला. ते कलम त्यांच्याच आजोबांनी १९३२ मध्ये आणले होते. देशाने मात्र उलटी दिशा धरली आणि २०१४ मध्ये ते रद्द झाले. दुखावलेल्या श्रद्धेला उत्तर देण्याची पूर्ण मुभा असावी; समोरच्याचे तोंड बंद करण्याची नसावी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. लघुपटकारांनी, ज्यांचे दुःख आपण चित्रित करतो त्यांना संहितेत आणि कॅमेऱ्यासमोर जागा द्यावी. महोत्सवांच्या संयोजकांनी आक्षेप आला म्हणून खेळ रद्द करू नये. आक्षेप घेणाऱ्यांना खेळानंतर त्याच व्यासपीठावर बोलू द्यावे. आणि शासनाने धमकी देणाऱ्याला आवरावे, कलावंताला नव्हे. या तीन गोष्टी आपण या सभेच्या ठरावात घ्याव्यात, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.