सहीचं मोल

 मी तुमची सहयोगिनी बोलतेय.  आज मी तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहे, पार अमेरिकेत. पण विषय आपल्या ओळखीचा आहे. विषय आहे सही.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेटचं जसं वेड, तसं तिकडे त्याचं. बॅट गोल असते, दांडक्यासारखी. चेंडू पांढऱ्या कातड्याचा, आणि त्यावर लाल दोऱ्याची शिवण. ती शिवण हातानं घालतात, मोजून १०८ टाके. आपल्या जपमाळेत मणी असतात तेवढेच. फलंदाजानं मारलेला चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की त्याला होम रन म्हणतात. आपला षटकारच म्हणा.

या खेळात मिकी मँटल नावाचा एक मोठा फटकेबाज होऊन गेला. जन्म १९३१चा, ओक्लाहोमा राज्यातल्या एका लहान गावातला. वडील शिसं आणि जस्ताच्या खाणीत कामाला. त्यांनी पोराला लहानपणापासून उजव्या आणि डाव्या, दोन्ही हातांनी बॅट चालवायला शिकवलं. १९५१ ते १९६८ अशी अठरा वर्षं तो न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाकडून खेळला. ७ नंबरचा शर्ट घालायचा. त्यानं ५३६ होम रन मारले.

त्याचा खेळ थांबला, पण लोकांचं प्रेम थांबलं नाही. ज्यांनी लहानपणी त्याला खेळताना पाहिलं होतं, ती पोरं मोठी झाली, कमावती झाली. त्यांना त्याची आठवण घरात हवी होती. त्यानं सही केलेला चेंडू, बॅट, फोटो, शर्ट. १९८०च्या सुमारास या वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला. मोठ्या हॉलमध्ये मेळावे भरायचे, मँटल टेबलाशी बसायचा, लोक पैसे भरून रांगेत उभे राहायचे. अठरा वर्षं खेळून मिळाले त्याहून जास्त पैसे त्याला नुसत्या सह्या करून मिळाले, असं सांगतात. विचार करा बायांनो, तोच हात, आधी बॅट धरली, मग पेन.

आता जिथं पैसा, तिथं लबाडी आलीच. मँटल १९९५ साली वारला. माणूस गेला की त्याची नवी सही मिळणार नाही, म्हणून जुनीचा भाव वाढतो. पण बाजारात त्याच्या सह्या काही कमी होईनात! १९९०नंतरच्या त्या वर्षांत एफबीआयनं, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास पोलिसांनी, 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढली. एका टोळीचा पत्ता लागला. त्यात सही गिरवणारा एक, माल विकणारे दुसरे, आणि 'सही खरी आहे' असा दाखला देणारे तिसरे. चेंडू जुना दिसावा म्हणून त्याला पॉलिशचा हात द्यायचे. बाजारातल्या निम्म्याहून जास्त सह्या खोट्या असाव्यात, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. आणि गंमत ऐका. पकडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल सापडले! आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसा. गोरगरिबांची सेवा करणारी ती माउली बेसबॉलवर कशाला सह्या करत बसेल? पण तोही माल विकायला तयार होता, आणि सोबत दाखलाही.

मग जाणकार लोक खरं-खोटं ओळखतात कसं? ही रीत मला फार आवडली, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, ते सहीच्या आधी ती कशावर केलीय हे बघतात. जुन्या बेसबॉलवर त्या वेळच्या लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. आता बेब रूथ नावाचा त्याहून जुना खेळाडू १९४८ साली वारला. समजा एखाद्या चेंडूवर त्याची सही आहे, आणि छापलेलं नाव आहे जो क्रोनिन यांचं. क्रोनिन अध्यक्ष झाले १९५९ साली. मेलेला माणूस अकरा वर्षांनी येऊन सही करेल का? अक्षर कितीही हुबेहूब असो, चेंडूच साक्ष देतो. आपल्याकडे कागद २०१० सालचा म्हणून दाखवतात आणि स्टँप पेपर विकत घेतल्याची तारीख २०१५ची निघते, तसंच हे.

दुसरी गोष्ट शाईची. शार्पी नावाचं जाड मार्कर पेन १९६४ साली बाजारात आलं. त्या पेनानं केलेली सही दाखवून कुणी म्हणालं, "ही मी १९५६ साली समोर उभं राहून घेतली," तर सही खरी असली तरी गोष्ट खोटी.

तिसरी गोष्ट हाताच्या वळणाची. माणसाची सही वयाबरोबर बदलते. मँटलची सुरुवातीची सही साधी होती. पुढे हजारो सह्या करून नावातला आणि आडनावातला, दोन्ही 'एम' मोठे, गोलाईचे झाले. म्हणून जाणकार ज्या सालची सही म्हणतात त्याच सालच्या खात्रीच्या सह्यांशी ती ताडून बघतात. खरी सही एका ओघात होते. गिरवलेली सही दबकत चालते, मध्येच थांबते, पेन उचलल्याच्या खुणा राहतात.

आणि चौथी गोष्ट, वस्तूचा प्रवास. कुणी घेतली, कुठं घेतली, मग कुणाकडे गेली. साखळीतला एक दुवा जरी गहाळ असला तरी शहाणा माणूस हात आखडता घेतो.

या सगळ्या भानगडीनंतर २००१ साली बेसबॉलच्या मुख्य संघटनेनं नवा नियम केला. खेळाडू सही करत असताना एक साक्षीदार समोर हजर पाहिजे. त्यानं डोळ्यांनी बघायचं आणि तिथंच वस्तूवर नंबराचं चकाकतं स्टिकर लावायचं. हे साक्षीदार बहुतेक पोलीस खात्यातली माणसं असतात. नंतर दिलेल्या दाखल्यापेक्षा समोर बघणाऱ्याचे दोन डोळे मोलाचे, हे त्यांना ठेच लागून कळलं.

आता एक नवल सांगते. मँटलचं सर्वांत महाग विकलेलं चित्रकार्ड १९५२ सालचं आहे. २०२२ साली त्याला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, म्हणजे आपले सुमारे १०० कोटी रुपये! त्याच्यावरही सही आहे, पण ती छापलेली. त्या कार्डाच्या प्रत्येक प्रतीवर तीच सही. म्हणजे ही किंमत सहीची नाही. कार्ड कोरं करकरीत राहिलं आणि तशी फार थोडी उरलीत, त्याची ती किंमत. छापलेली सही म्हणजे रबरी शिक्का. तिच्यामागं माणूस उभा नसतो.

आणि माणसाचं काय? मँटलला दारूचं व्यसन होतं. ऐन उमेदीपासून. १९९४ साली तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. पुढच्या वर्षी यकृत बदलावं लागलं. त्यानंतर पत्रकारांसमोर येऊन त्यानं पोराबाळांना सांगितलं, की माझ्यासारखे होऊ नका. ज्याची सही मिळावी म्हणून लोक रांगा लावत, त्यानं असं बोलायला केवढं धाडस लागलं असेल. दोन महिन्यांच्या आत तो गेला. वय ६३. दारूबंदीसाठी ज्या गावांत आपल्या बायका उभ्या राहिल्या, त्यांना या बोलण्याचं वजन मी वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. आपली सही कुणी शंभर कोटींना घेणार नाही. पण आपल्या सहीवर गटाचं कर्ज मंजूर होतं, खात्यातून पैसे निघतात, जमिनीचा हिस्सा सुटतो. आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठ्यावरून सहीवर आल्या, चाळिशी-पन्नाशीत पाटी घेऊन बसल्या. ती सही फुकट घालवायची नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या स्लिपेवर सही नाही, मागणारा घरचा असला तरी. बँकेत जी नमुना सही दिलीय, तशीच सगळीकडे करायची. इतिवृत्तावर सही बैठकीतच, सगळ्यांच्या समोर, तारीख घालून. मागाहून घरोघरी वही फिरवायची नाही. आणि वाचता येत नसेल तर ज्याचा त्यात फायदा नाही अशा माणसाकडून वाचून घ्यायचं, मगच पेन हातात घ्यायचं.

येत्या बैठकीत एक करा. गटाची वही उघडा आणि मागच्या सहा महिन्यांच्या सह्या एकमेकींना दाखवा. "ही तुझीच ना गं?" एवढंच विचारा. यात कुणावर संशय नाही. अमेरिकेत जे काम त्या साक्षीदाराचे डोळे करतात, ते आपल्या गटात दहा जणींचे वीस डोळे करतील.