आज काय खेळलात?

श्रोतेहो, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज म्हणून जातो. पण पहिल्या बालपणात माणसाला खेळणी मिळतात आणि दुसऱ्यात मिळतात ती पथ्यं. हे खाऊ नका, तिकडे जाऊ नका, रात्री जागू नका. सत्तरीच्या माणसाला कुणी खेळणं आणून दिलंय, असं सहसा ऐकायला येत नाही. आणि त्यानं ते स्वतःच शोधून काढलं, तर घरातली मंडळी एकमेकांकडे बघून हसतात.

हे खेळणं आता घरोघरी आलंय. ते म्हणजे मोबाईल किंवा संगणकावरचा खेळ. बागेतल्या बाकावर, दवाखान्याच्या रांगेत, एसटीच्या खिडकीशी बसलेले आजोबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून रंगीत गोळ्या जुळवत असतात. एखाद्या आजी दुपारची भांडी आवरली की पत्त्यांचा डाव मांडतात. पत्ते मात्र काचेवर. आज मला बोलायचं आहे ते या खेळगड्यांविषयी.

मोठ्या माणसांनी खेळणं आपल्याकडे नवं नाही. सारीपाट, सोंगट्या, बुद्धिबळ हे थोरामोठ्यांचेच खेळ होते. सावंतवाडीची गंजिफा घ्या. हाताएवढे गोल पत्ते, लाखेचं काम, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, अशी एकूण १२० पानं. हा शब्द फारसीतून आला. बाबरानं १५२७ मध्ये गंजिफेचे पत्ते सिंधच्या शाह हसनकडे पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. इकडे येता येता त्या पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह येऊन बसले. खेळाला कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. मला तर वाटतं, भाषेइतकाच मोकळेपणानं प्रवास करणारी दुसरी गोष्ट म्हणजे खेळ.

मग बदललं काय? भिडू गेले. पूर्वी ओट्यावर चार जण जमले की मेंढीकोट सुरू व्हायचा. आज चारांतला एक मुलाकडे पुण्याला, एक अंथरुणाला खिळलेला, एक अल्लाला प्यारा झालेला. उरलेल्या चौथ्यानं कुणाबरोबर खेळावं? त्याला भिडू मिळाला तो पडद्यात.

याची एक गंमतशीर सुरुवात मी स्वतः पाहिलीय. मी बी. ए. होऊन एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कारकून म्हणून लागलो. काही वर्षांनी तिथं संगणक आला. आमचे ग्रंथपाल निवृत्तीला टेकलेले. माऊस हातात धरला की बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात आणि साहेबांचा जीव दुसऱ्या कोपऱ्यात. शिकवायला आलेल्या मुलानं त्यांना पत्त्यांचा एक डाव उघडून दिला. एकट्यानं खेळायचा, सॉलिटेअर नावाचा. काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी ओढत ओढत पंधरा दिवसांत साहेबांचा हात बसला. पुढं त्यांनी पुस्तकांची नोंदणीही संगणकावर केली, पण डाव काही सोडला नाही.

यात योगायोग नव्हता. हा डाव १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला. मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी नावाच्या तरुणानं तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली होती. माऊसनं वस्तू उचलायची, ओढायची आणि सोडायची, हे लोकांना खेळता खेळता जमावं, हाही त्यामागचा एक हेतू होता. जगभरातल्या किती प्रौढ बोटांनी संगणकाची बाराखडी या डावावर गिरवली असेल!

त्याच्याही आधी, १९८४ साली, मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी टेट्रिस तयार केला होता. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते वळवून ओळ भरायची. ओळ भरली की नाहीशी होते. या खेळात शत्रू नाही, बंदूक नाही, भाषासुद्धा नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. आणि आयुष्यभर फडताळात डबे बसवणाऱ्या, रेशनच्या पिशवीत सामान रचणाऱ्या बायकांना हे कौशल्य वेगळं शिकवावं लागत नाही.

जपानमध्ये हामाको मोरी नावाच्या बाई आहेत. जन्म १९३०चा. पन्नाशी ओलांडल्यावर, १९८१ मध्ये, त्यांनी पहिल्यांदा असा खेळ हातात घेतला. पुढं त्या आपला खेळ यूट्यूबवर दाखवू लागल्या आणि २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, सर्वांत वयोवृद्ध म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. त्याच देशातल्या अकिता शहरात २०२१ मध्ये साठीपुढच्या खेळाडूंचा एक संघ उभा राहिला. नाव ‘मातागी स्नायपर्स’. मातागी म्हणजे त्या डोंगराळ मुलखातले परंपरागत शिकारी. नातवंडांनीही आपल्याकडे आदरानं बघावं, हे या संघाचं ध्येय. मला ते फार आवडलं. म्हातारी माणसं नातवंडांची माया तर मिळवतातच. आदर मात्र मिळवावा लागतो.

पण श्रोतेहो, जपान लांब आहे. मी तुम्हाला माझ्या मामूंबद्दल सांगतो.

मामू एसटीत ड्रायव्हर होते. निम्म्याहून अधिक आयुष्य घाटात गेलं. मुक्कामी गाडी घेऊन जायचे, रात्री गाडीतच पथारी टाकायचे, पहाटे पहिली फेरी. निवृत्त झाले आणि नंतर काही वर्षांनी मामी गेली. त्यानंतर मामू बोलेनासेच झाले. विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’. नमाजाला मशिदीत जायचे, यायचे, खुर्चीत बसायचे. गुडघे दुखत होते, पण बसल्या जागी त्यांचा उजवा पाय मधूनच पुढं दाबला जायचा. मी ते पाहत होतो. तो पाय ब्रेक शोधत होता.

त्यांच्या नातवानं एक दिवस फोनवर बस चालवायचा खेळ लावून दिला. इंडोनेशियातल्या मालेओ या कंपनीनं २०१७ मध्ये काढलेला. तो आपल्याकडेही भरपूर खेळला जातो आणि हौशी पोरांनी त्यातल्या बसला आपल्या लाल एसटीचा रंगसुद्धा चढवलाय. इंडोनेशियातही वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात. मामू पडदा न्याहाळून म्हणाले, “अरे, हे तर आपलं कोकणच.”

आणि मामू बस चालवू लागले. नातू ओरडायचा, “दादा, दामटा की! इथं कुणी चढणार नाही.” मामू शांतपणे गाडी बाजूला घ्यायचे. “कुणी हात केला नाही म्हणून काय झालं? थांबा आहे तो.” समोरच्या गाडीनं दिवा खाली केला नाही की त्या पडद्यावरच्या ड्रायव्हरला ऐकवायचे. हॉर्न मात्र जपून. त्या देशातली रस्त्याकडेची पोरं बस दिसली की ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगतात. त्यांचं ते ओरडणं २०१६ मध्ये इंटरनेटवरून जगभर पोचलं होतं. हे मी मामूंना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “आपली शाळेतली पोरंपण हात हलवायची रे. मी दोनदा वाजवायचो. कंडक्टर चिडायचा.”

एकदा पडद्यावर चढ आला. मामूंनी गाडी हळू केली आणि आपणहून बोलू लागले. “ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. घाटात ब्रेकवर भिस्त ठेवणारा ड्रायव्हर नव्हे.” मग कुंभार्ली घाटातली एक पावसाळी रात्र निघाली. पुढं दरड कोसळलेली, मागं वळायला जागा नाही, गाडीत चाळीसेक माणसं. मामू आणि कंडक्टर आळीपाळीनं पावसात उभे राहून वरच्या कड्यावर कान लावत होते. दगड घरंगळल्याचा आवाज आला तर माणसं उतरवायची, एवढंच ठरलेलं. उतारूंना त्यांनी सांगितलं होतं, पुढं गाडी बंद पडलीय, झोपा. सकाळी रस्ता मोकळा झाला आणि गाडी डेपोत पोचली. फक्त अर्धा दिवस उशीर.

ही गोष्ट मामूंनी मामीला सांगितली नव्हती, कारण ती पुढच्या फेरीला जाऊ देणार नाही अशी भीती. मुलांना सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्या दिवसापासून तो ‘दामटा’ म्हणत नाही. चढ आला की विचारतो, “दादा, आता कितवा गिअर?”

आता कुणी विचारील, अशा खेळांचा मेंदूला फायदा होतो का? यावर काम झालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी साठ ते पंच्याऐंशी वयाच्या माणसांना मुद्दाम तयार केलेला, वळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्याचा खेळ महिन्याभरात १२ तास खेळायला दिला. गाडी सांभाळायची आणि ठराविक खूण दिसली तरच बटण दाबायचं. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१३ मध्ये निष्कर्ष आले: त्या खेळात ही माणसं सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढं गेली आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता.

पण दुसरी बाजूही ऐका. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीनं, या खेळांमुळं वयाबरोबर येणारा विसराळूपणा लांबतो, अशा जाहिराती केल्या होत्या. पुरावा पुरेसा नाही म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. तेव्हा खेळ म्हणजे औषधाची गोळी, असं समजू नये.

आणि मी म्हणतो, औषध असायलाच का हवं? मूल खेळतं तेव्हा आपण विचारतो का, की याचा तुला फायदा काय? म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक गोष्टीला आपण तब्येतीचं कारण चिकटवतो. चालायचं तर साखरेसाठी, हसायचं तर रक्तदाबासाठी. जन्मभर कामाला जुंपलेल्या माणसाला आता तरी नुसतं खेळता यावं, मजा म्हणून. तेवढा हक्क त्यानं कमावलेला असतो.

काळजी मात्र घ्यायला हवी. मी अम्मीला पहिल्यांदा असा खेळ दाखवला तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, “पैसे लागतात का रे यात? लागत नसतील तर आण इकडे.” तिच्या मनात जुगाराची हराम-हलालची रेघ होती, पण हा प्रश्न सगळ्यांनीच विचारण्याजोगा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरं धुऊन नेली. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. तरीही ‘तुम्ही जिंकलात, इथं दाबा’ असे निरोप येतच राहतात. निवृत्तीची पुंजी ज्या खात्यात आहे ते खातं आणि खेळ एकमेकांपासून लांब ठेवावेत. फुकट खेळांतही मधेच काहीतरी विकत घ्यायला सांगतात. ती वाट आधीच बंद करून द्यावी. डोळे, मान आणि झोप यांनाही सुट्टी हवी.

हे सगळं करून द्यायला घरातलं कुणीतरी शेजारी बसावं लागतं. अक्षर मोठं करून द्या. आवाज बेताचा ठेवा. थरथरत्या बोटांना जमेल असा सावकाश खेळ निवडा. एकदा सांगून कळलं नाही तर पुन्हा सांगा. तुम्हाला पाढे शिकवताना त्यांनी किती वेळा सांगितलं होतं, ते आठवा.

आणि जमलं तर त्यांच्याबरोबर खेळा. आपली पचिसी इंग्रजांनी उचलली, सोपी केली आणि ‘लुडो’ म्हणून तिचं पेटंट घेतलं. तोच लुडो २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीनं मोबाईलवर ‘लुडो किंग’ म्हणून आणला. २०२० च्या टाळेबंदीत आजी एका गावात, नातवंडं दुसऱ्या शहरात आणि सोंगट्या एकाच पटावर, असं कितीतरी घरांत झालं. फोनवर बोलायला विषय संपतो. तब्येत कशी, पाऊस कसा, जेवण झालं का, इथं गाडी अडते. पण नातवानं आजीची घराजवळ आलेली सोंगटी मारली की पुढचा अर्धा तास भांडायला पुरतो. भांडण हीही बोलण्याचीच एक रीत आहे आणि एकट्या माणसाला तिची फार गरज असते.

श्रोतेहो, आपण वडीलधाऱ्यांना रोज दोन प्रश्न विचारतो. गोळी घेतली का? जेवलात का? दोन्ही प्रश्न मायेचेच आहेत, पण त्यांची उत्तरं एका शब्दात संपतात. आज त्यात तिसरा घाला. विचारा, “आज काय खेळलात?” आणि मग जरा वेळ काढून बसा. उत्तर लांबण्याची शक्यता आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)