दोऱ्यातला उजेड मोजताना

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. माड पडले, विजेचे खांब आडवे झाले. वीज परत आली, तरी इथल्या एका कार्यालयाचं नेटवर्क उठेना. मी पोचलो तेव्हा स्विचमधलं मॉड्यूल दोनदा बदलून झालं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या आजींनी विचारलं, ‘‘झिला, ह्या कधी सुरू होतला?’’

हे मॉड्यूल म्हणजे अंगठ्याएवढी धातूची डबी. विजेच्या संकेतांचा प्रकाश करून फायबरमध्ये सोडायचा आणि समोरून आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करायची, हे तिचं काम. चालू स्विचमध्येही ती बसवता येते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत सारायची. दुहेरी फायबर असेल तर आपलं टीएक्स (पाठवणारं टोक) समोरच्या आरएक्सला (घेणाऱ्या टोकाला) जोडायचं. याला दोन मिनिटं पुरतात. मला कळकळीनं बोलायचं आहे ते त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल.

सिंगलमोड फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो, तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. आपल्या केसाच्या जाडीचा साधारण आठवा हिस्सा. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही त्याची वाट अडवतो. त्यात आपली हवा खारी आणि दमट. टोपण काढून उघडं ठेवलेलं टोक इथे फार वेळ स्वच्छ राहत नाही. आणि घाण टोक नव्या मॉड्यूलमध्ये खुपसलं की तीच घाण त्यालाही चिकटते. डबी बदलून दोष जात नाही तो म्हणूनच.

टोकाला डोळा लावून उजेड पाहणारी मुलं मी पाहिली आहेत. पोरांनो, असं कधीही करू नका. या फायबरमधला १३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. उजेड मोजायला पॉवर मीटर आहे.

त्या कार्यालयात मी आधी कागदावर हिशेब मांडला. समोरून उणे ६ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघतात. अंतर ८ किलोमीटर, किलोमीटरला ०.३५ डेसिबल धरले तर २.८ गेले. दोन कनेक्टरांचा १, चार सांध्यांचे ०.४. म्हणजे आपल्याकडे उणे १०.२च्या आसपास पोचायला हवेत. मीटरनं दाखवले उणे २१! दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतलं म्हणजे किती उजेड वाटेत हरवत होता ते कळेल. तिथल्या मॉड्यूलला उणे १९पर्यंतचंच वाचण्याची हमी होती.

क्लीनरनं टोक पुसलं, तर उणे १४. मग रॅकच्या मागे हात घातला. पॅचकॉर्ड, म्हणजे स्विचला जोडणारी फायबरची छोटी दोरी, दाराच्या बिजागरीत दुमडली होती. ती मोकळी करून मोठ्या वेटोळ्यात ठेवली. उणे १०.४.

हिरवा दिवा लागला, आजी आत गेल्या. मी मात्र संध्याकाळपर्यंत थांबलो. दिवा लागूनही तुटकी डेटा-पुडकी येत राहू शकतात, म्हणून पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे अशा तुटक्या पुडक्यांचा, आकडा वाढत नाही ना, ते पाहत बसलो. तो शून्यावरच राहिला. निघताना रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: तारीख, पोर्टचा नंबर, उणे १०.४. पुढच्या पावसाळ्यात जो कोणी ते दार उघडेल, त्याला कुठून मोजायला सुरुवात करायची ते ठाऊक असेल.