चुंबकाची मोटार आणि गटाचे पैसे

आम्ही नात्याच्या बचत गटातल्या बाया. आज सांगणार आहोत, आमच्या गटाचे पैसे कसे वाचले ते.

गेल्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीला एक माणूस आला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चाकाच्या कडेला चुंबक लावलेले, शेजारी दुसरा चुंबक धरला की चाक आपोआप फिरतं आणि बल्ब पेटतो. "ना डिझेल, ना बिल. आयुष्यभर फुकट वीज," तो म्हणाला. निम्मे पैसे मात्र आधी द्यायचे. आमच्याकडे पावसात लाइट गेली की गिरणी बंद, मोबाइल बंद. त्यामुळे मन झालंच. कर्जाचा ठराव लिहायलाही घेतला.

तेवढ्यात एका आजींनी विचारलं, "बाबा रे, जातं कुणी ओढल्याशिवाय फिरतं का?"

सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे. घरी करून बघा. चुंबकाजवळ लोखंडी खिळा ठेवा, झटकन चिकटेल. पण तो पुन्हा चिकटवायचा तर आधी ओढून सोडवावा लागतो, आणि तो जोर आपल्या हाताचा. चाकाचंही तसंच. चाक जवळ येताना चुंबक पुढे ओढतो, लांब जाताना तोच मागे खेचतो. फेरी पूर्ण झाली की शिल्लक शून्य. त्यात आस घासतो, म्हणून चाक थांबतंच. चुंबक वर्षानुवर्षं लोखंड धरून ठेवतो हे खरं. पण खुंटीही भरलेली पिशवी वर्षभर धरते, म्हणून ती विहिरीतून पाणी काढत नाही.

मग चुंबकातून वीज येत नाही का? येते, पण कुणीतरी फिरवलं तर. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवलं, की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलता ठेवला की तारेत वीज येते. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. दिवा लावला की पॅडल जड व्हायचं. ते जडपण हीच विजेची किंमत, आपल्या पायांनी दिलेली.

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. तिथे मुळशी धरणाचं पाणी घाटावरून खाली पडून चाकं फिरवतं. तीही वीज फुकट नव्हती. धरणाखाली मुळशीकरांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांसोबत त्यांनी सत्याग्रह केला.

"आमच्याकडे पेटंट आहे," असंही कुणी सांगेल. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे, की निसर्गाच्या नियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या गोष्टीला शोध मानत नाहीत.

आम्ही त्या माणसाला म्हटलं, "व्हिडिओ नको, यंत्र आणा. पेटी उघडी ठेवा, आत बॅटरी नको, खालून वायर नको. समाजमंदिरात रात्रभर दिवा जळू दे, सकाळी पैसे घ्या." मंगळवारी येतो म्हणाला. आलाच नाही.

वीज हवीच असेल तर ऊन खरं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरच्या एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. वरचा खर्च आपला. आणि एक विचारून घ्या : बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर ही सौरवीजही बंद राहते.

आमचं नाते हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं जन्मगाव. तेव्हा हिशेब विचारायला आम्ही लाजत नाही. तुम्हीही लाजू नका. दारात कुणी फुकट वीज घेऊन आला, तर एवढंच विचारा : "चाक फिरवतंय कोण?" आणि उत्तर मिळेपर्यंत गटाची पेटी उघडू नका.