माशांचे घर बदलताना



पावसाळा तोंडावर आला, की गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून गप्पी मासे दिले जातात. कोणी ते डब्यात नेतो, कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरी जाऊन हौदात ओततो आणि डासांची काळजी मिटली म्हणून स्वस्थ होतो. शाळेत एखाद्या हौशी गुरुजींनी काचेची पेटी ठेवलेली असते. ती धुवायची, किंवा मोठी आणायची, म्हणून त्यांनाही मासे इकडून तिकडे हलवावे लागतात. मग तिसऱ्या दिवशी चारदोन मासे उताणे तरंगताना दिसतात. मुले हिरमुसतात, हौदात डासांच्या अळ्या पुन्हा वळवळू लागतात, आणि आपण म्हणतो, "त्यांना पाणी लागलं!"

श्रोतेहो, हे म्हणणे अगदी खरे आहे. पाणी लागते म्हणजे काय होते, तेवढेच आज पाहू. मी कॉलेजात शिकवतो मराठी. पण घरी काचेच्या पेट्या बाळगण्याचा नाद जुना आहे, त्या बळावर बोलतो आहे.

(जाता जाता सांगतो, गप्पी या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. ट्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या एका गृहस्थांनी १८६६ च्या सुमारास हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले, म्हणून हे नाव.)

आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो तर हवा तीच असते. माशाचे तसे नाही. एका हौदाचे पाणी आणि दुसऱ्याचे पाणी ही त्याला दोन निराळी मुलखे. पहिला फरक उष्णतेचा. माशाचे रक्त आपल्यासारखे कायम एका उष्णतेवर राहत नाही. पाणी जसे, तसे त्याचे अंग. गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी आणि रांजणातले पाणी यांत सहज सातआठ अंशांचे अंतर पडते. एकातून उचलून दुसऱ्यात टाकणे म्हणजे माणसाला तापल्या तव्यावरून बर्फावर ठेवणेच.

दुसरा फरक प्राणवायूचा. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि नेमका पुरवठा घटतो. बोअरचे पाणी तर पुष्कळदा जवळजवळ प्राणवायूवाचून असते. ते उंचावरून धार धरून ओतावे, ढवळावे, एक रात्र उघडे ठेवावे, मगच वापरावे.

तिसरी गोष्ट खेड्यात सर्वांत जास्त मासे मारते, ती म्हणजे टीसीएल पावडर. पिण्याच्या पाण्यात ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यातला क्लोरीन माशाच्या कल्ल्यांवरची नाजूक कातडी जाळतो. पाण्यात प्राणवायू असतो, पण घेणारे कल्लेच निकामी होतात. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक पूर्ण दिवस उघडे ठेवले, की हा क्लोरीन बहुतेक उडून जातो. तेव्हा मासे हलवायचे ते उद्या, पण नवे पाणी भरायचे आजच.

आता हलवण्याचे काम. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नये. उपाशी मासा एक दिवसाने मरत नाही. भरल्या पोटी मात्र तो बादलीतले पाणी घाण करतो. मासा आपली घाण मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि थोड्या पाण्यात हा अमोनिया लवकर साठतो. पकडताना पाठलाग नको. पेटीतले निम्मे पाणी आधी काढावे, खोलीत उजेड कमी करावा, आणि जाळीऐवजी शक्यतो भांडेच पाण्यात बुडवून मासा पाण्यासकट उचलावा. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ते त्याचे चिलखत. कोरड्या हाताने किंवा खरखरीत फडक्याने धरले की ते निघून येते, आणि त्या जागी रोग शिरतो. पोटुशी गप्पीण, म्हणजे शेपटीकडे पोटावर काळा डाग असलेली फुगीर मादी, तिला तर शक्यतो हलवूच नये. ती धसक्याने अपुऱ्या दिवसांची पिले टाकते.

बंगालमध्ये पूर्वी मत्स्यबीज मातीच्या हंड्यांत भरून दूरदूर नेत. नेणारी माणसे वाटभर त्या हंड्या हलवीत, पाणी हिंदकळवीत बसत. पुस्तक न वाचता त्यांना कळले होते, की पाणी हलले तरच त्यात हवा मिसळते. आज प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या. आपल्याला गावातल्या गावात न्यायचे तर झाकणाला भोके पाडलेली बादली पुरे. दहा लिटर पाण्याला चहाचे दोन सपाट चमचे साधे मीठ घालावे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार घाबरल्यावर बाहेर झिरपतात. मिठाने ती गळती कमी होते.

नव्या टाकीशी पोचल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडची उष्णता सारखी होते. मग पिशवी उघडून दर चारपाच मिनिटांनी वाटीभर नवे पाणी घालत अर्ध्या तासात काम उरकावे. मासे तासन्‌तास पिशवीत कोंडून आले असतील तर मात्र उघडल्यावर फार वेळ काढू नये. बंद पिशवीत कार्बन डायॉक्साइड साठून पाणी आंबट होते, आणि आंबट पाण्यात अमोनिया सौम्य राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो आणि अमोनिया विषारी होऊ लागतो. शेवटी फक्त मासे आत सोडावेत, पिशवीतले पाणी झाडाला घालावे.

जुन्या पेटीतले खडे आणि स्पंज नव्या पेटीत ओलेच न्यावेत, नळाखाली धुऊ नयेत. अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू त्यांवरच राहतात. कोऱ्या पेटीत ते वाढायला चारसहा आठवडे लागतात.

मासा हैराण झाला हे ओळखायचे कसे? त्याला ओरडता येत नाही, पण तो सांगतो पुष्कळ. कल्ल्यांची उघडझाप भराभर होते. पर अंगाशी मिटून घेतो. रंग फिका पडतो. कोपऱ्यात तोंड घालून बसतो, किंवा एकाच जागी अंग हलवत राहतो, पुढे सरकत नाही. दगडाला अंग घासतो. खाणे पुढ्यात येऊनही बघत नाही. वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडमिट करतो. या शेवटच्या खुणेत एक अपवाद आहे: मरळ आणि गुरामी हे मासे मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांनी तसे केले तर घाबरू नये.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. मासे शांत असताना मुलांकडून रोज ठरल्या वेळी कल्ल्यांची उघडझाप मोजून घ्यावी, अर्धा मिनिट, आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहावा. मासे हलवल्यावर पुन्हा मोजावे. आकडा वाढतो; पण दुसऱ्या दिवशी तो खाली यायला हवा. आला नाही, तर पाण्यात काहीतरी बिघडले.

एकच मासा मलूल असेल तर दुखणे बहुधा त्याचे. सगळेच एकदम वर आले तर दोष पाण्याचा. अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे धावू नये. दिवा मालवावा, खाणे बंद ठेवावे, हवेचा पंप असेल तर लावावा, नसेल तर तांब्याने धार धरावी, आणि पाव हिस्सा पाणी बदलावे. तेही त्याच उष्णतेचे, क्लोरीन गेलेले. सगळे पाणी एकदम बदलणे म्हणजे बिचाऱ्यांचे पुन्हा घर बदलणे. त्यानंतरचा आठवडाभर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात का ते पाहावे. धसका बसलेल्या माशांत तो रोग लवकर पसरतो, म्हणून नव्याने आणलेले मासे दोनतीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच जुन्यांत मिसळावेत.

आणि गप्पी फार झाले तर ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत; ते परमुलखातले आहेत, आपल्या माशांच्या वाट्याचे खातात. आरोग्य केंद्राला परत द्यावेत, किंवा शेजारच्या वाडीतल्या हौदासाठी द्यावेत. नेताना बादली झाकलेली असू द्या, आणि सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत.