पाना कुणाच्या हातात?

(तांत्रिक कामांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी मेकॅनिक नाही. दोन वर्षांपासून एक जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करायला शिकते आहे, एवढंच. मुळातली ही फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला बनायची. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली.

आमची गाडी वडिलांची. ते गेल्यावर ती भावाची, हे कुणी न विचारताच ठरलं होतं. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी सारखेच वारस असतात. जमीन, दागिने आपल्याला आठवतात; गाडीही मिळकतच, हे आठवत नाही. आम्ही भावंडांनी संमती दिली, आरटीओत ३१ नंबरचा फॉर्म भरला आणि आरसी बुकावर आईचं नाव लागलं. आईला गाडी चालवता येत नाही. तरी तिने ते पान दोनदा वाचून घेतलं.

गॅरेजमध्ये प्रश्न मी विचारायचे, उत्तर उस्ताद भावाकडे बघून द्यायचे. मग मी भावाला नेणं बंद केलं. उत्तरं माझ्याकडे येऊ लागली.

पहिला धडा हा: इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी लागते. गाडी सुरू होत नसेल, तर यातलं काय कमी पडतंय ते क्रमाने शोधायचं. प्लग काढून बघायचा. त्यावर कोरडी काळी काजळी असेल, तर बहुधा पेट्रोल जास्त, हवा कमी. वातीचा स्टोव्ह वापरलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही! मग डिस्ट्रीब्यूटरची टोपी काढून पॉइंट साफ करायचे आणि त्यांच्यातली फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजायची. यात दैवी काही नाही.

‘पण बायकांच्या हातात ताकद कुठे?’ गंजलेल्या नटावर रात्रभर तेल सोडायचं, पान्याला लांब पाइप लावायचा. पुरुषही हेच करतात. ही युक्ती मुलाला लहानपणी आपोआप मिळते, मुलीला मागावी लागते. फरक तेवढाच.

पत्र्याचं काम मी डेंटरकडेच देते. पण कुजलेला पत्रा पुट्टीने बुजवू नका, कापून नवा जोडा, हे मला सांगता येतं. बिल वाचता येतं.

गॅरेजमधला पोऱ्या शाळा सोडून हे शिकला. त्याच्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हणत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्याही नाही. म्हणून त्याच्याकडून शिकताना मला संकोच वाटला नाही.

जुनी गाडी ही चैन आहे, हे मला मान्य आहे. तुमच्या गटाची मात्र पिठाची गिरणी असते, शिलाई यंत्रं असतात, गावात हातपंप असतो. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या बायकांनी १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून हातपंप दुरुस्ती शिकून घेतली. पंप बंद पडला की पुरुष मिस्त्रीची वाट बघणं संपलं.

तेव्हा माझी एकच सूचना आहे. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एक पान्यांचा डबा ठेवा. आणि यंत्र बंद पडलं, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी दोघींनी मिळून ते उघडून बघा. वीज बंद करून, अर्थातच.